गोठलेल्या जगातली साहसकथा मुलांसाठी लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बर्फाळ जगातल्या अद्भुत गोष्टी लिहू पाहणारे, त्या मोठ्याने वाचून दाखवणारे पालक आणि अधूनमधून थेट मुलं, असे तिघेही मला लिहीत असतात. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एका जागी ठेवले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एकच गोष्ट दोनदा सांगण्यापेक्षा जिथे गरज पडली तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गोष्टीत बर्फ आहे म्हणजे ती गोठलेल्या जगाची गोष्ट झाली का?

तेवढ्याने होत नाही. तीच गोष्ट उचलून वाळवंटात ठेवून बघा. नकाशा, खजिना, दुष्ट राजा, बोलणारा पक्षी सगळं जसंच्या तसं चाललं, तर तुमचा बर्फ म्हणजे नाटकातला मागचा पडदा. या प्रकारात थंडी पात्रांना निर्णय घ्यायला लावते. थांबायचं की चालत राहायचं, ओला मोजा काढायचा की पायातच सुकू द्यायचा, उरलेलं तेल दिव्यात घालायचं की चुलीत. पात्रांची निम्मीअधिक धडपड थंडीपायी होत असेल, तर गोष्ट या घरातली.

२. कोणत्या वयाची मुलं डोळ्यांपुढे ठेवू?

८ ते १२. त्याहून लहानांनाही बर्फात फिरायला आवडतं, फक्त त्यांना त्याच रात्री घरी आणून सोडावं लागतं. प्रकरण पंधरा मिनिटांत मोठ्याने वाचून संपेल एवढंच ठेवा, कारण ते बहुधा झोपायच्या आधी वाचलं जाणार आहे. भीती किती दाखवायची, ते प्रश्न १५ मध्ये.

३. मी आयुष्यात बर्फ पडताना पाहिलेला नाही. मी लिहू का?

लिहा. आधी एक करा. भांड्यात पाणी आणि भरपूर बर्फाचे खडे घ्या, दोन्ही हात मिनिटभर बुडवा, बाहेर काढा आणि बुटाची नाडी बांधा. (मुलांबरोबर करणार असाल तर शेजारी बसा आणि मिनिटापुढे जाऊ नका.) आधी हाडातून कळ येते. मग कळ कमी होते आणि बोटं परकी होतात. नाडी दिसते, गाठ आठवते, चिमूट मात्र मिटत नाही. माझ्या नायिकेला थैलीचं बक्कल उघडता येत नाही तो प्रसंग या एका मिनिटातून आला. त्याआधी मी तीन वेळा ‘तिची बोटं बधिर झाली’ एवढं लिहून पुढे सरकले होते.

दुसरं, ध्रुवाकडे गेलेल्यांच्या आठवणी वाचा. कादंबऱ्यांमध्ये नसतात त्या गोष्टी तिथे सापडतात. १९११ च्या अंटार्क्टिक हिवाळ्यात एम्परर पेंग्विनची अंडी आणायला तिघे निघाले होते. त्यांतला एक तंबूबाहेर आला, त्याने इकडेतिकडे बघायला मान वर केली आणि तेवढ्यात अंगावरचे दमट कपडे गोठून ताठ झाले. मान खाली येईना. पुढचे चार तास त्याने तशीच वर मान करून सामानाची बर्फावरची गाडी ओढली. तेव्हापासून म्हणे बाहेर पडल्यावर गोठण्याआधीच ओढायच्या बेतात वाकून उभं राहायचं, हे सगळ्यांनी पक्कं केलं. असं काही आपल्याला टेबलाशी बसून सुचत नाही.

४. जग कशामुळे गोठलं याचं कारण द्यावंच लागतं का?

वाचकाला नाही दिलं तरी चालेल, तुमच्या वहीत हवं. ते नसलं की बाराव्या प्रकरणात कुठूनतरी हिरवं झाड उगवतं.

खरं कारण जादूपेक्षा कमी चमत्कारिक नाही. सुमारे ७२ ते ६३.५ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात पृथ्वी निदान दोनदा जवळजवळ पूर्ण गोठली होती, असं भूवैज्ञानिक मानतात. बर्फ पांढरा, म्हणून तो ऊन परतवतो. ऊन परतलं की गारठा वाढतो, गारठा वाढला की आणखी बर्फ, म्हणजे आणखी पांढरं. एका मर्यादेपलीकडे हे चक्र थांबत नाही. सुटका झाली ती ज्वालामुखींमुळे. लाखो वर्षं त्यांनी ओकलेला कार्बन डायऑक्साइड हवेत साठत गेला, शेवटी उष्णता कोंडली आणि बर्फ हटला.

यात चेटकिणीसाठी केवढी सोय आहे बघा. तिला सगळं जग गोठवायची गरजच नाही. पुरेसा तुकडा पांढरा केला की उरलेलं काम पांढरा रंगच करतो. आणि शाप उलटवायचा तर मुलांनी कुठूनतरी काळिमा आणायला हवा: राख, काजळी, कोळसा. काजळ पसरून बर्फ हटवणारी मुलगी मला अजून कोणाच्या गोष्टीत भेटलेली नाही. कोणी लिहिली तर वाचायला पाठवा.

ऊब वरून न येता खालून येणारी जगंही आहेत. शनीचा चंद्र एन्सेलाडस वरून बर्फाचा, आत खारा समुद्र. शनीच्या ओढाताणीने तो कणकेसारखा आतून मळला जातो आणि गरम राहतो. त्याच्या दक्षिण ध्रुवावरच्या भेगांमधून उडणारे फवारे २००५ मध्ये कॅसिनी यानाने टिपले. कथा बर्फाच्या खाली घडवायची असेल तर सुरुवात इथून करा.

५. थंडी नेमकी किती दाखवू? उणे पन्नास? उणे शंभर?

आकडा वहीत ठेवा, गोष्टीत परिणाम लिहा. घरातला फ्रीजर साधारण उणे १८ अंशांवर असतो, म्हणजे तिथपर्यंतची थंडी आपण रोज हाताने ढवळतो. उणे १० च्या खाली पावलाखालचा हिम करकरू लागतो, नवी चप्पल वाजते तसा. त्याहून खूप खाली गेलं की नाकातले केस गोठून टोचतात आणि श्वासाची वाफ पापण्यांवर बसून पापण्या चिकटतात. उणे ३९ च्या आसपास पारा घट्ट होतो, तेव्हा पाऱ्याचा तापमापक घेऊन निघालेला शास्त्रज्ञ तिथे अडकला. उणे ४० ला सेल्सियस आणि फॅरनहाइट एकच आकडा दाखवतात.

पृथ्वीवर जमिनीलगत मोजलेली सगळ्यात कडक थंडी उणे ८९.२ अंशांची, २१ जुलै १९८३, अंटार्क्टिकातलं व्होस्टोक केंद्र. तुमचं जग याहून थंड असेल तर माणसं उघड्यावर हिंडतात कशी, याचं उत्तर तयार ठेवा. आणि वारा विसरू नका. निवांत उणे २० परवडतं, वाऱ्याचं उणे १० नाही.

६. सगळीकडे बर्फच आहे, म्हणजे पाण्याची चिंता मिटली ना?

हा प्रश्न मला शिकवून गेला. माझ्या एका मसुद्यात दोन भावंडं चार दिवस बर्फावरून चालत होती. नऊ वर्षांच्या एका वाचकाने एवढंच विचारलं, “त्यांना तहान लागत नाही का?” चार दिवसांत मी त्यांना घोटभरही पाणी दिलं नव्हतं.

शून्य अंशावरचा किलोभर बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापलं असतं. हिम तोंडात कोंबलं तर ही सगळी उष्णता अंगातून जाते. म्हणून तहानलेलं पण गारठलेलं मूल हिम खात सुटलं तर ते आणखी गारठतं. मुलांना ही गोष्ट माहीत नसते आणि कळली की ती हादरतात. एक अख्खं प्रकरण यावर उभं राहतं.

मग वितळवायचं कसं? ताजं भुसभुशीत हिम दहा भांडी घेतलं तर पाणी निघतं साधारण एक भांडं. भांड्याच्या तळाशी आधी थोडं पाणी असावं लागतं. नुसतं हिम आचेवर ठेवलं तर तळ करपतो आणि पाण्याला जळका वास येतो. म्हणजे पाणी मिळवायला आधी घोटभर पाणी राखून ठेवायला हवं, आणि ते राखणारं मूल गोष्टीत नायक ठरतं. बाटली अंगरख्याच्या आत, उलटी टांगायची. पाणी वरून गोठतं, बाटली उलटी असली की बूच मोकळं राहतं. समुद्रावरचा नवा बर्फ खारट लागतो. वर्षानुवर्षांच्या जुन्या बर्फातला खारटपणा झिरपून गेलेला असतो, तो चालतो. कुठला बर्फ जुना हे ओळखणारी आजी गोष्टीत असली तर बघा.

७. काहीच उगवत नाही, मग सगळे खातात काय?

बर्फाखाली बघा. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं, म्हणून तळं वरून गोठतं आणि तळाशी मासे जगतात. समुद्रावरच्या बर्फाच्या खालच्या अंगाला शेवाळ वाढतं. ते खाणारे बारीक जीव, त्यांना खाणारे मासे, मग सील, मग अस्वल. रेनडिअर हिम उकरून खालची दगडफुलं खातात. एवढी साखळी पक्की केलीत की राजवाड्यातल्या मेजवानीला संत्री ठेवायचा मोह होणार नाही.

८. पायाखालचा बर्फ फुटतो तो प्रसंग खरा कसा वाटेल?

स्वच्छ, घट्ट, काळपट दिसणारा नवा बर्फ निदान १० सेंटिमीटर जाड असेल तर माणूस चालू शकतो, असा सर्वसाधारण दंडक आहे. पांढुरका, हिम मिसळलेला बर्फ तेवढ्याच जाडीला बराच कच्चा. वर हिमाची गादी असली तर ती ऊब धरून ठेवते आणि खालचा बर्फ पातळ राहतो. ओढा मिळतो तिथे, खडकाच्या कडेला, लव्हाळ्याभोवती तो दगा देतो. गोड्या पाण्याचा बर्फ तडकतो, समुद्राचा नवा बर्फ आधी लवतो. पावलागणिक लवणारी जमीन हा एकच तपशील वाचणाऱ्याचा श्वास रोखून धरतो.

पाण्यात पडलेलं पात्र लगेच गोठवून टाकू नका. थंडगार पाण्याच्या अपघातांसाठी एक-दहा-एक असा ठोकताळा सांगतात, मोठ्या माणसांचा. पहिलं एक मिनिट श्वास आवरण्याचं, कारण छाती आपोआप हापसत सुटते. नंतरची साधारण दहा मिनिटं हातपाय उपयोगाचे. शुद्ध हरपायला एक तासाच्या आसपास. म्हणजे तुमच्याकडे दहा मिनिटं आहेत, आणि गोष्टीत दहा मिनिटं म्हणजे चार पानं. बाहेर येताना पालथं पडून, पाय झाडत, मगरीसारखं सरकत यायचं. उभं राहायचं नाही. वाचवणाऱ्यानेही आडवंच व्हायचं आणि हात न देता काठी, दोरी, मफलर पुढे करायचा. हे गोष्टीत बरोबरच लिहा, कारण कधीकाळी कुठल्या तरी मुलाला तेवढंच आठवलेलं असेल.

९. इग्लू दाखवू का? आणि उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांवरून माझी टोळी बेतली तर?

इग्लू जरूर दाखवा, पण बर्फाच्या विटांचा नव्हे. वाऱ्याने दाबून घट्ट झालेल्या हिमाचे ठोकळे लांब सुरीने कापतात आणि आत कलत, वेटोळ्यासारखे रचत जातात. दार खाली, झोपायचा ओटा वर. जड थंड हवा खाली बसते आणि ऊब ओट्यावर राहते. बाहेर उणे ४० असताना आत दोन-चार माणसं आणि एक दिवा शून्याच्या आसपास नेऊन पोहोचवतात. वरचं हवेचं भोक विसरलात तर दिवा मंदावेल. तोही प्रसंगच आहे.

दुसऱ्याबद्दल माझं मत असं: बांधणी, हत्यारं, शहाणपण शिका. त्यांचे देव आणि विधी मात्र उचलून चेटकिणीच्या हाती देऊ नका. ती जिवंत माणसांची श्रद्धा आहे. त्यांच्यासाठीचा ‘एस्किमो’ हा शब्दही आता टाळतात.

१०. जहाज बर्फात अडकतं असं दाखवायचं आहे. पुढे काय होईल?

ते जहाजाच्या पोटावर अवलंबून आहे. नॉर्वेचा ध्रुवप्रवासी नान्सेन याने ‘फ्राम’ हे जहाज मुद्दाम गोलसर बुडाचं बांधून घेतलं आणि १८९३ मध्ये जाणूनबुजून बर्फात गोठू दिलं. बर्फ आवळू लागला की जहाज चिमटीतल्या ओल्या साबणासारखं वर सटकायचं. तीन वर्षं ते बर्फाबरोबर वाहत राहिलं आणि १८९६ मध्ये सुखरूप सुटलं. अंटार्क्टिकाला निघालेल्या शॅकल्टनचं ‘एन्ड्युरन्स’ तसं नव्हतं. जानेवारी १९१५ मध्ये अडकलं, महिनोन्‌महिने कण्हत राहिलं आणि २१ नोव्हेंबरला बुडालं. २८ माणसं बर्फाच्या तुकड्यांवर राहिली, नावांमधून गेली, आणि सगळीच्या सगळी जगली. ते जहाज मार्च २०२२ मध्ये तीन किलोमीटर खोल तळाशी सापडलं, नाव अजून वाचता येईल असं.

मुलांना दुसरी गोष्ट जास्त आवडते. मला पहिली. कोणीतरी आधीच विचार करून ठेवला होता, यातही एक थरार आहे.

११. सगळंच पांढरं आणि सगळंच शांत. वर्णन करू तरी कशाचं?

पांढरं नाही आणि शांतही नाही. जाड बर्फ तांबडा प्रकाश गिळतो म्हणून भेगेच्या पोटात निळा दिसतो. एका शेवाळामुळे उन्हाळ्यातल्या हिमावर कलिंगडाच्या गरासारखा रंग चढतो. अंटार्क्टिकातल्या टेलर हिमनदीच्या टोकातून लालभडक पाणी पाझरतं, १९११ मध्ये सापडलेलं. ते रक्त नसून लोहयुक्त खारं पाणी आहे. हवेला लागलं की गंजतं.

आवाजाचं तर विचारूच नका. ताजं हिम आवाज शोषून घेतं, म्हणून हिम पडल्यावर आपला श्वास कानाशी ऐकू येतो. गोठलेलं तळं रात्री गातं. दूर कुठे तडा गेला की बर्फातून उंच सूर आधी पोहोचतो आणि खर्ज मागून, त्यामुळे ‘प्यूंव’ असा चमत्कारिक आवाज येतो. आणि माझा सगळ्यात लाडका: जुन्या हिमनगाचा तुकडा पाण्यात पडला की चुरचुरतो, तडतडतो. आत दाबून बसलेले हवेचे बुडबुडे फुटत असतात. ती हवा फार जुनी असते. अंटार्क्टिकाच्या बर्फातून काढलेल्या नळकांड्यांत ८ लाख वर्षांपूर्वीची हवा सापडली आहे. म्हणजे तुमच्या नायकाने पेल्यात बर्फाचा खडा टाकला आणि कान लावला, तर आपल्यासारखी माणसं नव्हती तेव्हाचा वारा त्याच्या कानात फुटू शकतो. त्या वाऱ्यात कोणाचा तरी शब्द अडकलेला असेल, तर त्या जादूला आणखी स्पष्टीकरण लागत नाही.

१२. सूर्य महिनोन्‌महिने उगवत नाही, मग ‘सकाळ झाली’ कसं लिहू?

आधी तुमचं जग ध्रुवाच्या किती जवळ आहे ते ठरवा. नॉर्वेच्या उत्तरेला असलेल्या स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगइयरब्येन गावी ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. ऐन ध्रुवावर सहा महिन्यांचा दिवस आणि सहा महिन्यांची रात्र. पण रात्र म्हणजे सदैव काळोख नव्हे. सुरुवातीला आणि शेवटी दुपारी निळसर संधिप्रकाश येतो, आणि पौर्णिमेच्या सुमारास चंद्र दिवसचे दिवस मावळत नाही, नुसता आभाळात गोल फिरतो. ‘सकाळ झाली’ऐवजी ‘चंद्र डोंगराच्या शेंडीवर आला’ असं म्हणणारी माणसं लिहा. ध्रुवीय प्रकाश १०० किलोमीटर आणि त्याहून वर झळकतो, हिरवा रंग ऑक्सिजनचा. त्याला शिडी लावून चढायचं असेल तर शिडी तेवढी हवी.

१३. पांढरं अस्वल आणि पेंग्विन एकत्र आणले तर मुलं हसतील का?

पृथ्वीवर घडवलंत तर हसतील. अस्वल उत्तरेचं, पेंग्विन दक्षिणेचे. तुमच्या स्वतःच्या जगात खुशाल शेजारी बसवा, फक्त अस्वल त्यांना खात का नाही तेवढं सांगा.

पण या दोघांवर का अडायचं? अलास्कातला रानबेडूक हिवाळ्यात गोठतो, हृदय थांबतं, वसंतात वितळून उडी मारतो. आर्क्टिक खारीचं अंग झोपेत शून्याच्या खाली उणे २.९ पर्यंत जातं आणि तरी रक्त गोठत नाही. रेनडिअरच्या डोळ्यांचं आतलं अस्तर उन्हाळ्यात सोनेरी आणि हिवाळ्यात निळं असतं. सायबेरियाच्या उत्तरेकडच्या रँगल बेटावर मॅमथ, म्हणजे केसाळ हत्ती, सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपर्यंत होते, म्हणजे गिझाचे पिरॅमिड उभे राहिल्यानंतरही. कोणीतरी म्हातारा मॅमथ आणखी थोडा टिकला असं म्हणायला फार जादू लागत नाही.

कुत्र्यांबद्दल प्रश्न २०.

१४. चित्रकाराला हिमकण कसे काढायला सांगू?

सहा हातांचे. माझ्या एका गोष्टीच्या मुखपृष्ठावर आठ हातांचे सुबक हिमकण छापले गेले आणि मलाही ते छपाईनंतर दिसलं. पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी जाळं विणतात, आठला तिथे जागाच नाही. केप्लरने ‘सहाच का’ हा प्रश्न १६११ मध्ये विचारून ठेवला होता. १८८५ मध्ये विल्सन बेंटलेने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचं छायाचित्र काढलं. उकिचिरो नाकायांनी १९३६ मध्ये होक्काइदोमधल्या प्रयोगशाळेत सशाच्या केसावर हिमकण वाढवला आणि हवेच्या तापमानावरून आकार ठरतो हे दाखवलं. उणे ५ च्या आसपास सुया, उणे १५ च्या आसपास ती ओळखीची नक्षीदार चांदणी. म्हणजे आकाशातून चांदण्या पडत असताना हिमकण वाचता येणारी मुलगी ‘वर उणे पंधरा आहे’ असं सांगू शकते.

१५. थंडीने होणारे हाल मुलांना किती दाखवावेत?

बोटं पांढरी पडणं, बोलणं अडखळणं, झोप येणं: दाखवा. ती धोक्याची खूण आहे आणि मुलांना ती ठाऊक असावी. काळी पडलेली बोटं आणि कापाकापी पडद्यामागे ठेवा. हिमदंशाच्या जागी हिम चोळणारा वैद्य कृपा करून लिहू नका. ते जुनं अज्ञान आहे, त्याने इजा वाढते. कोणी मरणार असेल तर त्याला आधी चार प्रकरणं जगू द्या, नाहीतर मुलांना दुःख होत नाही, फसवल्यासारखं वाटतं.

१६. मराठीत बर्फासाठी शब्दच कमी आहेत. काय करू?

बर्फासाठी कमी असतील, थंडीसाठी नाहीत. गारठा, कडाका, हीव, शिरशिरी, हुडहुडी. माणूस कुडकुडतो, काकडतो, आखडतो, सुन्न होतो. पाणी गोठतं, तूप थिजतं, भीतीने रक्तही थिजतं. दव पडतं, त्याचं गोठून दहिवर होतं. मी स्वतः एक शिस्त पाळते: आभाळातून पडतं ते हिम, पायाखाली घट्ट होतं तो बर्फ. हिमनदी, हिमनग रुळलेले आहेत, बाकीचं सरळ सांगा, ‘बर्फातली खोल भेग’. स्लेजला मी घसरगाडी म्हणते, मुलांना लगेच कळतं.

आणि एक हट्ट. बर्फ वितळतो. विरघळते ती साखर. इतक्या मसुद्यांत बर्फ विरघळतो की पेन्सिल झिजली.

१७. माझ्या नायकाकडे अग्नीची जादू आहे. मग सगळी थंडी निरर्थक होते, नाही का?

होते. म्हणून ऊब कुठून येते ते ठरवा. प्रश्न ६ मधला हिशोब इथे कामाला येतो: भांडंभर बर्फ वितळवायला एवढी उष्णता लागत असेल, तर ती मुलाच्या अंगातून जाते का? मित्राच्या? एखाद्या आठवणीतून? माझ्या पाहण्यातल्या एका हस्तलिखितात मुलगी हात शेकून देते आणि दर वेळी तिच्या घरातली चूल तेवढी थंड होते. घरी आई आहे, हे वाचकाला ठाऊक असतं. त्यानंतर प्रत्येक ठिणगी खर्चाची वाटते. साधी शेकोटीसुद्धा फुकटची नसते. खोल हिमावर पेटवली तर ती स्वतःचा खड्डा वितळवत खाली जाते आणि विझते. ओल्या ओंडक्यांची बैठक आधी रचावी लागते.

१८. खलनायक बर्फाची राणीच असली तर चालेल का?

चालेल, पण ती फार वेळा येऊन गेली आहे. गोरीपान, एकटी, थंड हृदयाची बाई म्हणजे दुष्ट, हे समीकरण मला आताशा खुपतं. तिला निदान कारण द्या. बर्फ राखणारी बाई बर्फ का राखते? तो वितळला तर काय होईल हे फक्त तिलाच माहीत असेल तर? पुढचा प्रश्न पाहा.

१९. शेवटी बर्फ वितळलाच पाहिजे ना? नाहीतर मुलं जिंकली कशी?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच, आणि बहुतेक हस्तलिखितं इथे घसरतात. शाप सुटतो, ऊन पडतं, फुलं फुलतात, समाप्त. पण प्रश्न ७ मधली साखळी आठवा. त्या बर्फाच्या पोटाला लागून जगणाऱ्यांचं काय? सीलचं, अस्वलाचं, जुना बर्फ डोळे मिटून ओळखणाऱ्या त्या आजीचं?

शिवाय पाणी. तरंगता बर्फ वितळला तर समुद्र जवळजवळ चढत नाही, त्याने आपली जागा आधीच घेतलेली असते. जमिनीवरच्या बर्फाचं तसं नाही. ग्रीनलंडचा सगळा बर्फ समुद्राला सुमारे ७ मीटर चढवेल, अंटार्क्टिकाचा सुमारे ५८ मीटर. राणीच्या राज्याखाली बंदरं असतील तर तुमच्या नायकांनी नुकतीच ती बुडवली.

मला पटणारे शेवट अर्धवट असतात. नदी मोकळी होते, डोंगर गोठलेलाच राहतो. किंवा ऋतू परत येतात: हिवाळा जातो, आणि मुलांना कळतं की तो पुन्हा येणार आहे. एका मुलाने कळवलं होतं की त्याच्या गोष्टीत दोघांनी मिळून ठरवलं, सहा महिने राणीचे, सहा महिने आमचे. वाटाघाटीने संपणारी साहसकथा मी तोवर वाचली नव्हती.

२०. दोन मुलं, एक कुत्रा, बर्फ फुटला आहे आणि घसरगाडी दोघांनाच पेलते. कुत्र्याचं काय करू? (वय १०)

कुत्र्याला मारू नकोस. तुझ्या वाचकांपैकी निम्मे तिथेच पुस्तक मिटतील आणि मीही मिटेन.

आधी हे बघ की कुत्रा खरंच ओझं आहे का. १९२५ मध्ये अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा औषध घेऊन सुमारे १,०८५ किलोमीटर वाट वीस जणांनी आळीपाळीने कुत्र्यांच्या गाड्यांवरून साडेपाच दिवसांत कापली. शेवटच्या टप्प्यातल्या बाल्टो या कुत्र्याचं नाव झालं. सगळ्यात लांबचा आणि धोक्याचा टप्पा मात्र टोगो नावाच्या कुत्र्याने ओढला होता, आणि त्यात गोठलेल्या समुद्राचा पट्टाही होता. तेव्हा तुझी गाडी दोघांना पेलते ती ओढणाऱ्यामुळेच.

तर कुत्र्याला पाण्यात पडू दे. तो पोहेल. गाडीची दोरी त्याच्या पट्ट्याला असेल आणि मुलं आडवी पडून ओढतील (प्रश्न ८). वर आल्यावर तो आधी अंग झटकेल, सगळ्यांना भिजवेल, मग कोरड्या हिमात लोळेल. कोरडं हिम पाणी टिपून घेतं, टॉवेलसारखं. ते बघून भिजलेल्या मुलांनीही तसंच लोळावं, कारण त्यांच्याकडे टॉवेल नाही आणि हे त्यांना कुत्र्याशिवाय सुचलं नसतं.